दिवे लावले की पेट्रोल उतरतं, टेम्परेचर चढतं

गाडी १९९४ सालची, कार्ब्युरेटरवाली, वडिलांनी घेतलेली. मुक्काम रत्नागिरी. म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले महिने खारा वारा. लोखंडाने टिकावं तरी कसं? मॉडेल मुद्दाम सांगत नाही, कारण हे दुखणं त्या काळातल्या कुठल्याही गाडीत निघू शकतं आणि त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही.

लक्षणं अशी. दिवसा, कोरड्या हवेत सगळं ठाकठीक. संध्याकाळी हेडलाइट लावले की अर्ध्या मिनिटात टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागायचा आणि पेट्रोलचा खाली. सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं तर पेट्रोलचा काटा सरळ रिझर्व्हच्या रेषेवर. दिवे बंद केले की दोघेही निवांत आपापल्या जागी परत. पावसाळ्यात जोर, दिवाळीपर्यंत आपोआप गुण. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच. अशी तीन वर्षं काढली.

या तीन वर्षांत मी काय काय बदललं ते सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिल्या वर्षी थर्मोस्टॅट आणि टेम्परेचरचा सेंडर, म्हणजे इंजिन किती तापलंय ते काट्याला कळवणारा भाग. दुसऱ्या वर्षी टाकीतला फ्लोट, अख्ख्या युनिटसकट. तिसऱ्या वर्षी मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर काढून त्या जागी ठरावीक १० व्होल्ट देणारी ७८१० नंबरची आयसी बसवली, स्वतःच्या हाताने, सोल्डर करून, मोठ्या अभिमानाने. प्रत्येक वेळी काम झालं ऑक्टोबरात, चाचणी झाली भर दुपारी, आणि प्रत्येक वेळी गाडी 'बरी' झाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग गेल्या जुलैत आंबा घाट. साखरपा सोडलं, चढ लागला, पाऊस असा की वायपर दुसऱ्या स्पीडला. दिवे चालू, काच धुरकट होते म्हणून ब्लोअरही चालू. टेम्परेचरचा काटा लाल पट्टीच्या केसभर अलीकडे. बाजूला घेतली, बोनेट उघडलं. वाफ नाही, उकळल्याचा आवाज नाही, कूलंटच्या बाटलीत पाणी जिथल्या तिथे. रेडिएटरचा पंखासुद्धा फिरत नव्हता. पंख्याचा स्विच वेगळा असतो, तो डॅशबोर्डच्या काट्याला विचारत नाही. इंजिन खरंच तापलं असतं तर आधी पंखा लागला असता. आत बसून चावी ऑनच ठेवली आणि दिवे, वायपर, ब्लोअर तिन्ही बंद केले. काटा उतरला.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. काटा वर गेला की पहिल्यांदा तो खरं बोलतोय असंच धरायचं. गाडी थांबवून पाहायचं, आणि तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथे तर्कवितर्क नकोतच, इंजिन त्या क्षणी बंद. 'वायरिंगचा घोळ असेल' म्हणत चार किलोमीटर रेटलेल्या गाडीचं इंजिन मी उघडलेलं पाहिलंय.

आमच्याकडे एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे गाडी नेली तेव्हा दुपारचे बारा, ऊन पडलेलं. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"संध्याकाळी आणा. दिवे लावून आणा. रोग चालू असताना पेशंट बघायचा असतो."

संध्याकाळी नेली. त्यांनी बोनेटला हात लावण्याआधी एकच प्रश्न केला, "रंग कधी काढला गाडीला?"

मी हिशेब केला. तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात. पूर्ण डेंटिंग-पेंटिंग. आणि त्याच जूनपासून काट्यांचा उच्छाद सुरू झालेला. हे माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

चाचांनी जंपर केबल घेतली, तीच, बॅटरी उतरली की दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायला वापरतो ती. काळ्या केबलचा एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा बोनेटच्या बिजागरीजवळच्या उघड्या बोल्टवर. दिवे, वायपर, ब्लोअर सगळं चालू. म्हणाले, आत बसा आणि काटा बघा. तीस-चाळीस सेकंदांत टेम्परेचरचा काटा मधोमध येऊन थांबला. हेडलाइटचा उजेडसुद्धा पिवळ्याचा पांढरा झाला. मी इतके दिवस रिफ्लेक्टर जुने झाले म्हणत होतो. पेट्रोलचा काटा मात्र ढिम्म, होता तिथेच खाली. "तो वेगळा रोग," चाचा म्हणाले, "त्याचं नंतर."

काटा असा का वागतो

बॅटरीच्या निगेटिव्हवरून माझ्या गाडीत दोन वायरी निघतात. जाड गिअरबॉक्सला, बारीक बॉडीला. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि बॉडी या विजेच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. हेडलाइट, वायपर, ब्लोअर, मीटर यांचा परतीचा करंट बॉडीतून जातो आणि त्या बारीक वायरीने बॅटरीला मिळतो. ती वायर आमच्या गाडीत बॅटरीच्या ट्रेखाली, मडगार्डच्या आतल्या बाजूला दहा नंबरच्या बोल्टने कसलेली आहे. रंगाऱ्याने तिथे प्रायमर मारला, रंग मारला आणि रंगावरच बोल्ट आवळला. पत्र्याशी संबंध उरला तो फक्त बोल्टच्या आट्यांचा, आणि त्या आट्यांना तीन पावसाळ्यांत गंज चढला.

आता हिशेब करा. ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे साधारण ९ अँपिअर. वायपर आणि ब्लोअर धरून माझ्या गाडीत २० च्या आसपास. त्या गंजलेल्या बोल्टपाशी मीटरवर मोजलं तर १.६ व्होल्ट. म्हणजे रोध ०.०८ ओमच. एवढासा रोध साध्या मल्टिमीटरच्या ओमवर दिसत नाही. मी ती वायर दोन वर्षांपूर्वी कंटिन्यूइटीवर, म्हणजे वायर सलग आहे की तुटलेली एवढंच सांगणाऱ्या सेटिंगवर, तपासली होती, मीटरने छान पीं केलं होतं आणि मी ती बाद केली होती. पण २० अँपिअर गुणिले १.६ म्हणजे ३२ वॅट. माझा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा आहे. त्या बोल्टजवळच्या वायरीचं प्लॅस्टिक तपकिरी पडून कडक झालं होतं, नखाने टिचकी मारली तर तुकडा उडाला.

याचा काट्याशी संबंध असा. टेम्परेचरचा सेंडर इंजिनात बसलेला असतो, त्याची अर्थ, म्हणजे करंटची परतीची जोडणी, इंजिनाची. मीटरची आणि स्टॅबिलायझरची अर्थ बॉडीची. जुन्या मीटरचे काटे आतल्या दुहेरी धातूच्या पट्टीवर चालतात. पट्टीभोवतीची तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. म्हणून ते काटे आळशी असतात, चावी लावल्यावर उडी न मारता सावकाश चढतात. स्टॅबिलायझरचं काम या मीटरना सरासरी १० व्होल्ट देणं. पण तो १० व्होल्ट कुठून मोजतो? स्वतःच्या पायाखालच्या जमिनीपासून. ती जमीनच इंजिनापेक्षा १.६ व्होल्टने वर उचलली गेली, तर सेंडरच्या बाजूने पाहता ते ११.६ होतात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, त्यामुळे काट्याला सुमारे एक तृतीयांश जास्त ढकल मिळते. घाटात इंजिन नेहमीपेक्षा थोडं गरम असतंच, त्यात ही भर. माझी ७८१० आयसी अगदी चोख होती, तिने प्रामाणिकपणे चुकीच्या जमिनीपासून १० व्होल्ट मोजून दिले. गाडीला अर्थच नव्हता म्हणून मला अर्थ लागत नव्हता.

आणि पावसाळ्याचं कोडं? मी तीन वर्षं ओल कुठून शिरते ते शोधत होतो. ओलीचा वाटा असेलही. पण खरी मेख ही की दिवे, वायपर आणि ब्लोअर तिन्ही एकदम लावण्याची वेळ पावसाळ्यातच येते. ऑक्टोबरच्या दुपारी त्या बोल्टमधून जेमतेम चार-पाच अँपिअर जात असतील. तेवढ्याने काटा हलत नाही, आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही.

पेट्रोलच्या काट्याचं मूळ डिकीत

दोन्ही काटे एकाच वेळी बिघडले तर कुणीही स्टॅबिलायझरवर संशय घेतो, मीही घेतला. पण स्टॅबिलायझर बिघडला तर दोन्ही काटे एकाच दिशेला जातात. आतला संपर्क चिकटून बसला किंवा त्याची स्वतःची अर्थ सुटली तर बॅटरीचे पूर्ण व्होल्ट पुढे जातात आणि दोन्ही काटे वर. संपर्क जुळेनासा झाला तर दोन्ही खाली. माझा एक वर, एक खाली. हे पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर होतं, फक्त त्याकडे पाहिलं नाही.

चाचांनी डिकीतला गालिचा उचलला. डाव्या मागच्या दिव्यामागे पत्र्यात एक स्क्रू, त्याखाली तीन काळ्या वायरींची लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी. एक मागच्या दिव्यांची, एक नंबरप्लेटच्या दिव्याची, एक टाकीतल्या सेंडरची. पितळेच्या भांड्यात ताक कळकल्यावर येतो तसला हिरवा थर. लग बोटाने फिरत होती. मल्टिमीटरचं काळं टोक लांब वायर जोडून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेलं, लाल त्या लगवर. नुसते मागचे दिवे लावले तर ०.९ व्होल्ट, ब्रेक दाबला की २.८. ब्रेकचे दोन २१ वॅटचे बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर, ते सगळे त्या हिरव्या थरातून वाट काढत होते. सेंडरची अर्थ तेवढी वर उचलली गेली की मीटरमधला करंट घटतो, आणि आमच्या गाडीत कमी करंट म्हणजे कमी पेट्रोल. काही गाड्यांत सेंडर उलटा असतो, तिथे याच बिघाडाने टाकी भरलेली दिसेल.

मागून येणाऱ्यांना माझे ब्रेकलाइट मंद दिसत होते हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या मुलाला मागे उभं करून पाहिलं तेव्हा म्हणाला, "काका, ब्रेक मारला की इंडिकेटर पण लुकलुकतो." हेही त्याच दुखण्याचं लक्षण. करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो शेजारच्या बल्बमधून आडवाटेने जातो. मधल्या काळात मला एकाने मागे एलईडी बल्ब टाकायला सांगितले होते. टाकले असते तर काटा बहुधा सरळ झाला असता, कारण एलईडी करंटच कमी घेतो. आणि हिरवा थर आत तसाच वाढत राहिला असता.

तुम्ही कसं शोधाल

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर. लाल टोक डॅशबोर्डच्या मीटरच्या अर्थ स्क्रूवर. इंजिन चालू, दिवे, वायपर, ब्लोअर चालू. आकडा ०.१ च्या आत असेल तर तिथे दुखणं नाही, ०.२ पर्यंत जुन्या गाडीला माफ. त्याच्या वर गेला तर लाल टोक एकेक पायरी बॅटरीकडे आणत जा. आधी पत्रा, मग बोल्ट, मग लग, मग वायर, मग क्लॅम्प. ज्या दोन पायऱ्यांमध्ये आकडा धपकन पडतो, चोर तिथे आहे. माझ्याकडे पत्र्यावर १.६ आणि लगवर ०.१ होतं, म्हणजे वायर उत्तम, फक्त बोल्टखालचा रंग दोषी.

हे सगळं करण्याआधी जंपर केबलची युक्ती करून पाहा, मल्टिमीटरही लागत नाही. फक्त काट्याला निदान अर्धा मिनिट द्या. पंधरा सेकंदांत हललं नाही म्हणून सोडून देऊ नका.

दुरुस्ती करताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. बोल्ट काढला की पॉलिश पेपरने दोन रुपयांच्या नाण्याएवढी जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायची. लग घासण्यात वेळ घालवू नका, नवीन लावा, ती फार महाग नसते. लग आणि पत्र्याच्या मध्ये दातेरी वायसर टाकून आवळायचं, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा जाड लेप. आधी जेली आणि मग बोल्ट असं करणारे आहेत, मला ते पटत नाही. मी बॉडीला आणखी एक जाड वायर स्वतंत्र बोल्टवर दिली. डिकीत सेंडरची काळी वायर दिव्यांपासून वेगळी काढून तिला तिचा स्वतःचा स्क्रू दिला. आता बॅटरीजवळ सगळं चालू असताना ०.०४ दिसतं.

एकच काटा बिघडलेला असेल तर मात्र अर्थच्या मागे न लागता आधी सेंडर. सेंडरची वायर काढली की काटा एका टोकाला जायला हवा, वायर अर्थला टेकवली की दुसऱ्या. दोन्हीकडे जात असेल तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेंडरचा किंवा त्याच्या अर्थचा. पण दुहेरी पट्टीच्या मीटरची वायर थेट अर्थला धरून ठेवू नका, आतली तार जळते. मध्ये डॅशबोर्डचा छोटा ३.४ वॅटचा बल्ब घाला. आणि टाकीजवळ हे करताना जोडणी चावी बंद ठेवून करा, ठिणगीला तिथे जागा नाही. काटा नेहमी एकाच पातळीला, समजा अर्ध्या टाकीला, खाली पडून पुन्हा उठत असेल तर युनिटमधली तार तेवढ्याच जागी झिजली आहे. कायमच शून्य असेल तर युनिट बाहेर काढून फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडालाय.

सगळेच काटे एकदम मेले असतील तर आधी फ्यूज पाहा, आणि मग मीटरच्या पाठीमागची तांब्याच्या रेषांची प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यावरचे छोटे नट सैल होतात, रेषांवर काळपटपणा येतो. पेन्सिलच्या खोडरबराने घासा, पॉलिश पेपर तिथे चालवू नका, तांबं पातळ असतं. एका बाजूचा इंडिकेटर घाईघाईने टिकटिकत असेल तर बहुतेक वेळा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो.

चार्जिंगच्या लाल दिव्याबद्दल जरा वेगळं. जुन्या अल्टरनेटरमध्ये तो नुसता इशारा नसतो, त्याच बल्बमधून सुरुवातीचा करंट आत जातो. म्हणून चावी लावल्यावर तो लागत नसेल तर खूश होऊ नका. बल्ब गेला असेल तर अल्टरनेटर आयडलवर चार्जच करत नाही, एकदा रेस दिल्यावर जागा होतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर गेला, बल्ब एकामागून एक फुटायला लागतील.

माझ्या गाडीत सध्या हाच दिवा रात्री अगदी पुसट पेटतो, उदबत्तीच्या टोकाएवढा. चार्जिंग १४.१ आहे, चांगलं आहे. मोजलं तर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून चावीच्या स्विचच्या पलीकडे ०.७ व्होल्ट कमी भरतात. म्हणजे या खेपेला परतीची नव्हे, जाण्याची वाट झिजली आहे, आणि बल्बच्या दोन टोकांना तेवढा फरक मिळून तो मिणमिणतो. स्विचचा मागचा भाग मागवलाय. चाचांना सांगितलं तर म्हणाले, आणा, पण संध्याकाळी.